सुरीच्या आधीचे बारा तास: नगरपरिषदेच्या कत्तलखान्यात काय बघावे, काय लिहून घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेचा जुना कत्तलखाना आहे. रोज तीस-चाळीस शेळ्या-बोकड कापले जातात, आखाडात आणि धुळवडीला हा आकडा कितीतरी वाढतो. आरोग्य समितीवर नव्याने आलेल्या सदस्याला विचारायचे आहे की जनावरांचे हाल थांबवायला कायद्यात नेमके काय आहे, तपासणी कशाची करायची आणि नियम मोडलेला दिसला तर पुढे काय करायचे.

कत्तलखान्यात शिरलेला माणूस आधी सुरीकडे बघतो. हाल मात्र बहुतेक वेळा सुरीच्या आधीच्या दहा-बारा तासांत झालेले असतात. टेम्पोत कोंबणे, फाळक्यावरून फेकणे, एका पायाला दोरी बांधून ऊन्हात ठेवणे, शिंगाला धरून ओल्या फरशीवरून ओढणे हे सगळे त्यात आले. कायद्याची खरी पकडही तिथेच आहे. कापण्याच्या पद्धतीवरून वाद घालत बसलात तर महिने जातील आणि हाती काही लागणार नाही. आधीच्या बारा तासांवर बोट ठेवलेत तर महिनाभरात फरक दिसतो.

कायद्याची चौकट पाहू. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० च्या कलम ११ नुसार खाण्यासाठी जनावर मारणे हा गुन्हा नाही, पण त्यात अनावश्यक वेदना दिल्या तर तो गुन्हा होतो. याच कायद्याखाली २००१ साली कत्तलखाना नियम आले. नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त किंवा परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली मादी, स्वतः तीन महिन्यांच्या आतले जनावर आणि पशुवैद्यकाने योग्य असल्याचा दाखला न दिलेले जनावर, हे चारही कापता येत नाहीत. या नियमांत कत्तलखान्याची व्याख्याच रोज १० किंवा अधिक जनावरे कापली जाणारी जागा अशी आहे, तेव्हा तुमचा कत्तलखाना त्यात सरळ बसतो. गायीची कत्तल महाराष्ट्रात १९७६ च्या राज्य कायद्यानेच बंद आहे, बैल आणि वळू यांची २०१५ च्या दुरुस्तीपासून. म्हशीसाठी त्याच कायद्याखालचा वेगळा दाखला लागतो. तो स्वतंत्र विषय आहे, इथे शेळ्या-मेंढ्यांपुरतेच बोलू.

सुरुवात वाहनापासून करा. शेळ्या-मेंढ्यांच्या वाहतुकीसाठी मोटार वाहन नियमांत २०१६ पासून प्रत्येक जनावरामागे किमान ०.३ चौरस मीटर जागा ठरलेली आहे. हिशेब सोपा आहे. ८ फूट लांब आणि ५ फूट रुंद हौदा म्हणजे ४० चौरस फूट, म्हणजे ३.७ चौरस मीटर. त्यात १२ शेळ्या बसतात. तेवढ्याच हौद्यात पंचवीस-तीस दिसल्या तर टेप लावा, लांबी-रुंदी लिहा, मोजणी लिहा, फोटो काढा. "खूप कोंबल्या होत्या" हे वाक्य कोर्टात कुचकामी ठरते, "३.७ चौरस मीटरमध्ये २८" हे टिकते. १९७८ चे वाहतूक नियमही आहेत. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला त्यात सक्तीचा आहे आणि साडेचार-पाच टनी मालमोटारीतही ४० च्या वर शेळ्या-मेंढ्या नेता येत नाहीत. दाखला बघताना तारीख आणि संख्या दोन्ही बघा. सकाळच्या २० जनावरांच्या एकाच दाखल्यावर दिवसभरात तीन खेपा झालेल्या असू शकतात.

उतरवताना सगळ्यात जास्त पाय मोडतात आणि खर्च सगळ्यात कमी लागतो तोही इथेच. फाळक्याची उंची साधारण ३ फूट धरा. तेवढ्यासाठी ९ फूट लांबीचा मातीचा किंवा सिमेंटचा उतार केला की चढ २० अंशांच्या आत राहतो. त्यावर एकेक वीत अंतराने आडव्या पट्ट्या हव्यात. शेळी एकटी पुढे जायला बिचकते पण कळपामागे बिनतक्रार जाते, म्हणून दोन-तीन मिळून सोडाव्यात. कान, शेपूट किंवा एक पाय धरून उचलणे पूर्ण बंद करा. उचलावेच लागले तर एक हात छातीखाली आणि एक मागच्या मांड्यांमागे.

विश्रांतीच्या जागेला २००१ च्या नियमांनी माप दिले आहे: लहान जनावराला १.६ चौरस मीटर, मोठ्याला २.८. चाळीस शेळ्यांना ६४ चौरस मीटर लागतात, म्हणजे २५ बाय २८ फुटांचे पत्र्याचे शेड पुरते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात नुसता पत्रा म्हणजे भट्टीच. वर कडबा किंवा तुराट्या पसरा आणि दोन बाजू मोकळ्या ठेवा. पाणी शेवटपर्यंत समोर हवे. ऊन्हाळ्यात एका शेळीला दिवसाला ४ ते ६ लिटर धरून चाला, म्हणजे चाळीस शेळ्यांना २०० लिटरचे एक पिंप आणि वर थोडे. गावाला आठ दिवसांनी नळ येतो ही अडचण खरी आहे, पण धुण्याच्या पाण्याच्या मानाने हे पाणी चिमूटभर आहे. चारा कापण्यापूर्वी साधारण १२ तास बंद ठेवतात. पोट रिकामे असले की आतडे फुटून मटण घाण होण्याचा धोका कमी होतो. मात्र त्या दिवशी न कापलेल्या जनावराला परत चारा द्यायला हवा. "उद्या जाणारच आहे" म्हणून दोन-दोन दिवस उपाशी ठेवलेली जनावरे दिसतात, तो सरळसरळ छळ आहे.

खाटकांना हे समजावताना दया-माया बाजूला ठेवा आणि पैशांची भाषा बोला. दमलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूतली साखर संपलेली असते. कापल्यावर मटणात आम्ल तयार व्हायचे ते याच साखरेपासून. साखर संपली की आम्ल तयार होत नाही आणि मटण काळपट, चिकट राहून लवकर वास मारते. आम्ल मोजायचा आकडा म्हणजे पीएच, आम्ल वाढले की तो उतरतो. चांगल्या मटणाचा पीएच ५.५ ते ५.८ च्या आसपास उतरतो. तो ६ च्या वर अडकला तर मे महिन्यात शीतपेटीशिवाय दुपारपर्यंत माल टिकत नाही. मार लागलेल्या मांडीवर रक्त साकळते, तो भाग कापून टाकावा लागतो आणि मांडी तर सगळ्यात महाग विकली जाते. दुपारी एक वाजताही दुकानात लटकलेले मटण बघणाऱ्या खाटकाला हे एकदा सांगितले की पुरते.

आता कापण्यायोग्य असल्याच्या दाखल्याचा मुद्दा. इथेच सगळ्यात जास्त कागदी खेळ चालतो. नियमानुसार एका पशुवैद्यकाने तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. तुमच्या रोजच्या चाळीसला किमान तीन तास वीस मिनिटे लागतात. मग नोंदवहीत पहाटे साडेपाच ते सहा या अर्ध्या तासात चाळीस दाखले दिसले तर तपासणी झालेलीच नाही, वेगळा पुरावा शोधायची गरज नाही. आखाडातल्या शेवटच्या रविवारी दीडशे जनावरे येणार असतील तर दोन पशुवैद्यक लागतील, ते आधी पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाकडून लेखी मागवून ठेवा. रोज जास्तीत जास्त किती जनावरे कापायची ही संख्या स्थानिक संस्थेने ठरवायची असते. तुमच्याकडे तसा ठराव आहे का, हे आधी पाहा. नसेल तर पहिला ठराव हाच मांडा.

तपासणी सकाळी गारव्यात व्हावी. निरोगी शेळीचे तापमान साधारण १०२ ते १०३ फॅरनहाइट असते. भर दुपारी ते उन्हानेच वर जाते, मग ताप कोणता आणि ऊन कोणते हे कळत नाही. जनावर चालवून बघावे, लंगडते का, मान टाकते का, नाक वाहते का. दातांवरून तीन महिन्यांचे वय ठरत नाही. दुधाचे आठही दात त्याच्या बरेच आधी आलेले असतात आणि पहिले कायमचे दोन दात वर्षानंतरच येतात. त्यामुळे शंका असेल तर जनावर बाजूला काढणे हाच मार्ग. गाभणपणाचेही तसेच. शेळीचे पाच महिने पूर्ण होत आले की हाताला कळते, पहिल्या दोन महिन्यांत बाहेरून कळत नाही, सोनोग्राफी लागते. पण कापल्यानंतरच्या तपासणीत गर्भाशय उघडून पाहिले की सत्य समोर येते. म्हणून नोंदवहीत "गर्भाशय: रिकामे / गर्भ आढळला" असा एक रकाना वाढवा. कोणत्या व्यापाऱ्याकडून गाभण शेळ्या येतात हे दोन महिन्यांत त्यातून दिसेल. उस्मानाबादी शेळी जुळी देणारी म्हणून नावाजलेली आहे. दोन करडे पोटात असलेली शेळी मटणाच्या भावात विकणे म्हणजे शेतकऱ्याचेही नुकसान, पण दुष्काळात चारा संपला की नेमके तेच होते.

फरशी. मराठवाड्यात जुन्या कत्तलखान्यांत शहाबादी असते, वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेली. तिच्यावर पाणी आणि रक्त पडले की बोकडाचे पुढचे खूर फाकतात, तो छातीवर आपटतो, उठायची धडपड करतो, आणि ते बघून मागची सगळी बिथरतात. ओरडा, दांडा, शेपूट पिरगाळणे हे सगळे त्या एका घसरण्यातून सुरू होते. नियमात जनावरांच्या जागेसाठी न घसरणारी, पाणी न शोषणारी, खाचांची जमीन सांगितली आहे. नवीन काँक्रीटला पैसे नसतील तर आहे त्या शहाबादीला जात्याला लावतात तशी टाकी लावून घ्या, दोन दिवसांचे काम आहे. मोजायची पद्धतही सोपी आहे. टेंपल ग्रँडिन या अमेरिकी पशुविज्ञान तज्ज्ञांनी रूढ केलेल्या मोजणीत चालवत नेताना पडणाऱ्या जनावरांचे प्रमाण शंभरात एकापेक्षा जास्त नसावे. दारात उभे राहून शंभर जनावरे मोजा. तीन-चार पडली तर दोष जनावरांचा किंवा माणसांचा नाही, जमिनीचा आहे.

दुसऱ्या जनावराच्या समोर कापायचे नाही, हा नियम रोज मोडला जातो. त्यासाठी इमारत पाडावी लागत नाही. पाच फूट उंचीचा पत्र्याचा किंवा प्लायवूडचा आडोसा, कापण्याच्या जागेकडे वळण घेऊन जाणारी वाट, आणि कापण्याच्या जागी वाटेपेक्षा जास्त उजेड एवढे पुरते. उजेडातून अंधारात जायला शेळी अडते, अंधारातून उजेडात जाते. गटाराची जाळी वाटेत आडवी आली तरी अडते, ती बाजूला घ्या.

आता सुरी. शेळीची मान साधारण ४ ते ५ इंच रुंद भरते, आणि पात्याची लांबी मानेच्या रुंदीच्या किमान दुप्पट असावी. म्हणजे ९-१० इंच. हाडे तोडायचा सुरा वेगळा, मानेची सुरी वेगळी. एकाच सुरीने दोन्ही केले की पाते हाडावर आपटून खाचा पडतात. नखावरून पाते अलगद ओढले की खाच लगेच लागते. दुसरी परीक्षा कागदाची: वहीचा कागद एका कोपऱ्याला धरून लटकता ठेवा आणि पाते त्याच्या कडेवरून फिरवा. कागद न फाटता सरळ कापला गेला तर सुरी ठीक. चुरगळला तर परत दगडावर पाजळा. विजेच्या सहाणेवर झटपट धार निघते, पण पाते तापते, त्याचे पाणी उतरते आणि दहा-बारा जनावरांनंतर सुरी बोथट. प्रत्येक कापणाऱ्याकडे किमान दोन तयार सुऱ्या हव्यात. एकच सुरी असली की धार गेली तरी "एवढे एक करून टाकतो" होते.

काप जबड्याच्या जवळ, एका सरळ ओढीत, दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या तुटतील असा. आरी चालवल्यासारखे पुढे-मागे नाही, टोक खुपसणे नाही, जखमेच्या कडा पात्यावर मिटू द्यायच्या नाहीत. कापण्याआधी जनावर पाठीवर किंवा कुशीवर आडवे करून मिनिट-मिनिट दाबून ठेवणे, अंगावर पाय देऊन उभे राहणे, जिवंत असताना मागच्या पायाला टांगणे हे चालणार नाही. सुरी हातात घेऊन मगच जनावर आडवे करायचे, सुरी शोधताना नाही. चांगला काप बसला तर शेळी-मेंढी साधारण पाच ते दहा सेकंदांत शुद्ध हरपते. म्हशीला जास्त वेळ लागतो, कारण तिच्या मेंदूला मानेच्या मणक्यातल्या वाहिन्यांतूनही रक्त मिळत राहते. त्यामुळे शेळीच्या पद्धतीची सवय असलेल्या माणसाने म्हशीवर तीच घाई करू नये.

सर्वांत वाईट सवय म्हणजे काप झाल्याबरोबर मान मुरगाळणे किंवा सुरी मणक्यात घालून मज्जारज्जू तोडणे. तडफड थांबते, म्हणून माणसाला वाटते जनावर गेले. प्रत्यक्षात धड लुळे पडते आणि मेंदू अजून जागा असू शकतो. किमान दोन मिनिटे रक्त वाहू द्या. पंचवीस किलोच्या बोकडातून साधारण लिटरभर रक्त बाहेर पडते. मग डोळ्याच्या बुबुळाला बोटाने हलका स्पर्श करा. पापणी मिटली, छातीची लयीत हालचाल दिसली किंवा डोके वर उचलायचा प्रयत्न झाला तर जनावर शुद्धीवर आहे, कातडे सोलायला हात लावायचा नाही. मागचे पाय झटकतात ती नुसती स्नायूंची क्रिया असते, त्यावरून काही ठरत नाही.

बेशुद्ध करून कापण्याची जागा शक्य तितक्या लवकर उपलब्ध करावी असे २००१ चे नियम सांगतात. शेळी-मेंढीच्या डोक्याला विजेचा धक्का देताना किमान १ अँपिअर प्रवाह मेंदूतून जावा लागतो आणि नंतर १५-२० सेकंदांच्या आत काप बसला पाहिजे, नाहीतर ते परत शुद्धीवर येते. लोकर ओली-सुकी असणे, चिमटा कानामागे सरकणे, विजेचा व्होल्टेज पडणे यातले काहीही झाले तर जनावराला नुसता झटका बसतो, शुद्ध जात नाही. दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात उपकरण आणण्याआधी जनित्र आणि माणसाचे प्रशिक्षण यांचा हिशेब करा. लहान कत्तलखान्यात फरशी आणि सुरी नीट केल्याने त्याच पैशांत जास्त फरक पडतो, असे माझे मत आहे.

१९६० च्या कायद्यातल्या कलम २८ चा दाखला दोन्हीकडून दिला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो. धर्माने सांगितलेल्या रीतीने जनावर मारणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही, मग ती हलाल असो वा झटका. संरक्षण मारण्याच्या रीतीला आहे. टेम्पोत कोंबणे, पाय बांधून ऊन्हात टाकणे, गाभण शेळी कापणे हे कोणत्याही रीतीत बसत नाही. मुलाणी असो की खाटीक, बोथट सुरी चालते असे कोणीच म्हणत नाही, तेव्हा चर्चा सुरीच्या धारेवरून सुरू करा. परंपरा तुमच्या बाजूने उभी राहते.

गावातल्या कंदुरीचे (नवसाच्या बोकडाच्या जेवणाचे) आणि जत्रेचे वेगळे आहे. कत्तलखान्यातच कापण्याची सक्ती नगरपालिका हद्दीपुरती आहे, ग्रामपंचायत हद्दीत ती लागू नाही. वाहतुकीचे नियम आणि कलम ११ मात्र सगळीकडे लागू आहेत.

आता कारवाई, जिथे बहुतेक प्रकरणे विरघळतात. कलम ११ चा पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, आणि त्यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत. पोलिसांनी "एनसी घेतो" (अदखलपात्र नोंद करतो) म्हटले तर ते चुकीचे बोलत नसतात. अपवाद कलम ३१ मध्ये आहे. कलम ११(१) चा इंग्रजी मूळ प्रतीतला खंड 'एल', म्हणजे अनावश्यक क्रूर रीतीने मारणे किंवा अवयव तोडणे, हा दखलपात्र आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५, जनावर मारणे-अपंग करणे, यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ते मालकाचे किंवा इतरांचे नुकसान करण्याच्या हेतूने केलेल्या कृत्यासाठी आहे, प्रत्येक ठिकाणी चिकटवू नका. एक गुन्हा दखलपात्र असला की सोबतचे अदखलपात्रही त्याच तपासात घेता येतात. तपासणीसाठी जनावर ताब्यात घ्यायचा अधिकार कलम ३४ ने शिपायाच्या वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. तो तुम्हाला नाही, आणि रस्त्यात टेम्पो अडवणाऱ्या तरुणांनाही नाही. अशा अडवणुकीत जनावरे आणखी दोन तास ऊन्हात उभी राहतात आणि पंचनामाही खराब होतो. ११२ ला कळवा, गाडीचा क्रमांक टिपा, मागे राहा.

जप्ती झालीच तर पहिले काम सावली आणि पाणी, पंचनामा त्यानंतर. जनावरे ठेवायची कुठे हे आधी ठरलेले हवे. गोशाळा बऱ्याचदा शेळ्या घेत नाहीत. खटला चालू असताना जनावरांच्या सांभाळाचा खर्च मालकाकडून व वाहतूकदाराकडून घेण्याची तरतूद याच कायद्याखालच्या, जप्त जनावरांच्या सांभाळाच्या २०१७ च्या नियमांत आहे, ती न्यायालयापुढे पहिल्याच तारखेला मांडावी. आणि मुदत विसरू नका. कलम ३६ नुसार गुन्ह्याच्या तारखेपासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही. अहवाल पशुवैद्यकाकडे, मग ठाण्यात, मग परत दुरुस्तीला, असे फिरता फिरता चौथा महिना उजाडतो. पंचनाम्याच्या पहिल्या पानावरच मुदतीची शेवटची तारीख लाल शाईने लिहून ठेवा.

पन्नास रुपयांच्या दंडापेक्षा तुमच्या हातातले हत्यार मोठे आहे: परवाना. कापणाऱ्या प्रत्येकाकडे स्थानिक संस्थेचा परवाना असावा लागतो आणि १८ वर्षांखालचे कोणी कामावर ठेवता येत नाही. परवान्याच्या अटींतच सुरीची तपासणी, आडोसा आणि विश्रांतीची जागा लिहा. पहिल्या चुकीला लेखी समज, दुसऱ्याला सात दिवस काम बंद. आखाडातले सात दिवस बंद म्हणजे काय हे खाटकाला सांगावे लागत नाही. त्याशिवाय रोज १० पेक्षा जास्त आणि १५० पर्यंत लहान जनावरे कापायला अन्न सुरक्षा कायद्याखाली राज्य परवाना लागतो, नुसती नोंदणी चालत नाही. तुमच्या नगरपरिषदेने तो घेतला आहे का, हे पाहा. नसेल तर पहिली नोटीस तुमच्याच संस्थेला येईल.

कोंबडीच्या दुकानांबद्दल एवढेच: कापलेली कोंबडी ड्रममध्ये फेकू नका, शंकूत उलटी ठेवा, दीड-दोन मिनिटे रक्त जाऊ द्या. फडफडणे थांबण्याआधी गरम पाण्यात घातलेली कोंबडी जिवंत पोळते.

सोमवारी गेलात तर चार कागद मागा: रोजच्या कमाल संख्येचा ठराव, कापण्याआधीच्या तपासणीची नोंदवही, नंतरच्या तपासणीची नोंदवही आणि परवानाधारकांची यादी. तोंडी मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज द्या, तीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. आधीच्या आणि नंतरच्या नोंदवहीतले आकडे शेजारी शेजारी ठेवा. आधी चाळीस, नंतरही चाळीस, आणि वर्षभरात एकही जनावर अयोग्य म्हणून बाजूला काढलेले नाही, असे दिसले तर नोंदवही एकाच बैठकीत भरली गेली आहे असे समजा आणि तिथून प्रश्न विचारायला लागा.